कुंडीखालची बशी

एका पावसाळ्यात, गणपतीच्या सुमारास, आमच्या कॉलनीत एकापाठोपाठ चार घरांत डेंग्यूचा ताप आला. त्यांपैकी एक मुलगा दहावीत होता. आठ दिवस तो रुग्णालयात पडून होता आणि त्याची आई दिवसातून दोनदा प्लेटलेटचा आकडा विचारायला धावत होती. आम्ही मोठी माणसे मात्र कॉलनीमागच्या उघड्या गटाराकडे बोट दाखवून मोकळे झालो होतो. अर्ज लिहिला, सह्या गोळा केल्या. पुढे आरोग्य खात्याच्या एक कार्यकर्त्या बाई विजेरी घेऊन आल्या. त्या गटाराकडे गेल्याच नाहीत. सरळ आमच्या बागेत शिरल्या, शेवंतीच्या कुंडीखालची बशी त्यांनी पुढे ओढली, तिच्यावर झोत टाकला आणि म्हणाल्या, "सर, हे बघा तुमचं गटार!"

बशीत बोटाच्या पेराएवढेच पाणी होते. त्यात दोऱ्याच्या बारीक तुकड्यांसारखे काहीतरी उलटे लोंबत होते. झोत पडताच ते वळवळत तळाशी गेले आणि थोड्या वेळाने पुन्हा वर येऊन लोंबू लागले. त्या डासाच्या अळ्या होत्या. पदार्थविज्ञान शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली, तरी त्या दिवसापर्यंत मी ही गोष्ट नीट पाहिलेली नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, पदार्थविज्ञानाच्या माणसाने डासांच्या भानगडीत का पडावे? त्याचे कारण असे, की डासाचे सारे बालपण पाण्याच्या पृष्ठभागाला लटकून जाते आणि पृष्ठभाग हा आमचा विषय आहे.

पण त्याआधी गटाराचा खटला निकालात काढू. सगळे डास सारखे नसतात. घाण, साचलेल्या पाण्यात वाढतो तो मुख्यतः क्युलेक्स. तो रात्री चावतो आणि हत्तीरोगाचा प्रसार करतो. मलेरियाचा ॲनाफिलिस स्वच्छ पाणी पसंत करतो. सिकंदराबाद येथे २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना मलेरियाच्या जंतूची वाढती अवस्था सापडली, ती याच जातीच्या डासाच्या जठराच्या भिंतीत. पुढे मुंबईत मलेरिया का हटत नाही याचा शोध चार्ल्स बेंटली यांनी घेतला आणि १९११ मध्ये अहवाल दिला. त्यांनीही बोट ठेवले ते गटारांवर नव्हे, तर घराघरांतील विहिरींवर. आणि तिसरा एडिस, म्हणजे अंगावर व पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा, डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा डास. महाराष्ट्रातील झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे आढळला. त्या झिकाचा वाहकही हाच. याला आपण साठवलेले, स्वच्छ दिसणारे पाणी लागते: पिंप, रांजण, फुलदाणी, टाकून दिलेला टायर, नारळाची करवंटी आणि कुंडीखालची बशी. शिवाय हा लांब उडणारा नव्हे. जन्मस्थानापासून सहसा दोनशे मीटरच्या आतबाहेरच तो आयुष्य काढतो. म्हणून दुपारी बागेत तुम्हाला पट्टेरी डास चावला, तर तो बहुधा तुमच्याच किंवा शेजाऱ्यांच्या अंगणात वाढलेला असतो. त्याचा माग काढायला फार दूर जावे लागत नाही.

तर आता प्रयोग. बशीतले पाणी अळ्यांसह काचेच्या ग्लासात ओता. ग्लासाच्या तोंडावर पातळ मलमलचे फडके घाला आणि रबरबँडने घट्ट बसवा. हे फडके विसरू नका. नाहीतर प्रयोगाच्या नावाखाली तुम्ही घरातच डास पाळाल! ग्लास उजेडात ठेवून बाजूने पाहा. अळी डोके खाली करून तिरकी लोंबताना दिसेल. शेपटीच्या टोकाशी एक आखूड नळी आहे, ती तिची श्वसननलिका. नळीचे टोक पाण्याच्या पृष्ठभागाला टेकलेले असते. अळी जर पृष्ठभागाला समांतर आडवी पडलेली असेल, तर ती ॲनाफिलिसची. तिला अशी लांब नळी नसते.

एडिसची अळी पाण्यापेक्षा किंचित जड असते. मग ती बुडत का नाही? घरात शिवणाची सुई असेल ना? टीपकागदाच्या तुकड्यावर ती आडवी ठेवा आणि कागद अलगद पाण्यावर सोडा. कागद भिजून खाली जाईल, सुई वर तरंगत राहील. पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पातळ पडद्यासारखा वागतो, याला आपण पृष्ठताण म्हणतो. पाण्याचा पृष्ठताण दर सेंटिमीटरला सुमारे ७२ डाइन असतो. समजा, अळीच्या नळीच्या टोकाचा परिघ अर्धा मिलिमीटर, म्हणजे ०.०५ सेंटिमीटर आहे. मग तिला वर धरणारे बल जास्तीत जास्त ७२ × ०.०५ = ३.६ डाइन झाले. एवढ्या बलाने साधारण पावणेचार मिलिग्रॅम वजन तोलता येते. पूर्ण वाढलेली अळी काही मिलिग्रॅमचीच असते आणि तिचे जवळजवळ सारे वजन पाण्याच्या उद्धरणाने आधीच उचललेले असते. उरलेला चिमूटभर भार पडदा सहज पेलतो. मात्र त्यासाठी नळीच्या टोकाशी असलेल्या झडपा पाण्याने न भिजणाऱ्या असाव्या लागतात, आणि त्या तशा असतात. कमळाच्या पानावर पाणी ठरत नाही, तसेच हे.

आता सुई तरंगत असलेल्या पाण्यात साबणाच्या पाण्याचा एक थेंब सोडा. सुई तत्काळ बुडेल. साबणाने पृष्ठताण निम्म्याहून कमी होतो आणि न भिजणाऱ्या वस्तूही भिजू लागतात. मग तोच थेंब अळ्यांच्या ग्लासात सोडा आणि घड्याळ लावून बसा. अळ्या वर येतील, नळी टेकवण्याचा प्रयत्न करतील आणि घसरतील. त्या लगेच मरणार नाहीत. पाण्यात विरघळलेला थोडा प्राणवायू त्या त्वचेतूनही घेऊ शकतात. किती वेळ लागला याची नोंद ठेवा. दुसऱ्या ग्लासात साधे पाणी आणि तितक्याच अळ्या ठेवा. तुलनेसाठी असा दुसरा ग्लास नसेल तर प्रयोगाला अर्थ नाही. पूर्वी डबक्यांवर रॉकेल शिंपडत असत, त्यामागील तत्त्वही याच्याच जवळचे होते. रॉकेलचा पातळ थर पाण्यावर पसरतो आणि अळीच्या श्वासनळ्यांत शिरतो. बागेत मात्र रॉकेल ओतू नका. माती बिघडते, बेडूक मरतात, आणि कुंडीतील रोप तुमचे आभार मानणार नाही.

अळी चार वेळा कात टाकते आणि चौथ्या वेळी तिचा कोष होतो. स्वल्पविरामासारखा दिसणारा हा कोष काही खात नाही, पण चपळ असतो. तो पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे स्वस्थ राहिला, की आपोआप वर येतो. अळी आणि कोष यांतला हा फरक ग्लासात सहज टिपता येतो. साधारण दोन दिवसांनी कोषाची पाठ उकलते आणि डास बाहेर येतो. पंख वाळेपर्यंत तो आपल्याच टाकलेल्या कातीच्या होडीवर उभा असतो. त्या वेळी पाणी हलले तर तो बुडतो. कारंजे सुरू असलेल्या हौदात डास का वाढत नाहीत, हे यावरून कळेल.

आपल्याकडच्या पावसाळी उष्म्यात अंडे फुटण्यापासून डास उडण्यापर्यंत सात ते दहा दिवस लागतात. सगळ्या उपायांचे मूळ या आकड्यात आहे. सात दिवसांच्या आत एकदा पाणी ओतून टाकले, तर पाण्यातल्या कुठल्याही अळीला पंख फुटणार नाहीत. 'आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा' असे आरोग्य खाते सांगते, ते या हिशेबाने. दोन आठवड्यांतून एकदा पाळलात, तर तुमचे श्रम बहुतांशी वाया जातात. उन्हाळ्यात दोनदा आणि पावसाळ्यात एकदाही नाही, असे वेळापत्रक मी पुष्कळ घरांत पाहिले आहे. माझ्याही.

परंतु नुसते ओतून भागत नाही, आणि इथेच बहुतेक जण फसतात. क्युलेक्सची मादी शंभर-दोनशे अंड्यांचा तराफा पाण्यावर सोडते. पाणी ओतले की तोही गेला. एडिसची मादी मात्र पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर कडेवर एकेक अंडे चिकटवते. ही काळी, बारीक अंडी वाळली तरी मरत नाहीत, कित्येक महिने तशीच राहतात. पुढे पाणी त्यांच्यापर्यंत चढले, की फुटतात. म्हणजे तुम्ही मार्चमध्ये बशी रिकामी करून कोपऱ्यात उपडी ठेवली आणि जूनमध्ये पुन्हा कुंडीखाली सरकवली, तर पहिल्या पावसाबरोबर अळ्या तयार! म्हणून बशी, पिंप, रांजण यांच्या कडा काथ्याने किंवा ब्रशने खरवडून घासायच्या. हात फिरवून विसळणे पुरेसे नाही.

घरोघरचे पाणी तपासून रोग हटतो काय? क्यूबाची राजधानी हवाना हे त्याचे जुने उदाहरण. तेथे पीतज्वराने पिढ्यान्‌पिढ्या माणसे मरत. हा रोग एडिस डास पसरवतो, असे १९०० मध्ये वॉल्टर रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले. कार्लोस फिनले या क्यूबन डॉक्टरांनी ते १८८१ पासूनच सांगितले होते, पण त्यांचे कोणी मनावर घेतले नव्हते. १९०१ मध्ये विल्यम गोर्गस यांनी तपासनीस घरोघर पाठवले. पिंपे झाकली, टाक्यांवर तेल टाकले, अळ्या सापडल्या तर घरमालकाला दंड केला. त्याच वर्षात हवानातून पीतज्वर नाहीसा झाला. तेव्हा डीडीटी नव्हते, पीतज्वराची लसही नव्हती.

उलट नुसत्या फवाऱ्यावर विसंबल्याने काय होते, ते आपल्या देशाने अनुभवले आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना मलेरिया होई. घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारून १९६५ पर्यंत हा आकडा सुमारे एक लाखावर आला. मग काही डास डीडीटीला दाद देईनासे झाले, कामात ढिलाई आली, आणि १९७६ मध्ये रुग्णांची संख्या ६४ लाखांवर गेली.

संध्याकाळी गाडीतून जो पांढरा धूर सोडतात, तो पाहून आपल्याला फार बरे वाटते. त्यातील कीटकनाशकाचे थेंब सूक्ष्म असतात. दहा मायक्रॉन व्यासाचा पाण्याचा थेंब स्थिर हवेत सेकंदाला जेमतेम ३ मिलिमीटर या वेगाने खाली येतो. स्टोक्सच्या सूत्राने बारावीचे विद्यार्थी हे करून पाहू शकतील. दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा वर चढते आणि असे थेंब कुठल्या कुठे नेते, म्हणून धूर पहाटे किंवा सांजवेळी सोडावा लागतो. तरीही तो मारतो ते त्या क्षणी उडत असलेले डास. बशीतल्या अळीला धुराची वार्ताही नसते. साथ भडकली असता धुराचा उपयोग आहे. पण आठ दिवसांनी त्याच बशीतून नवी तुकडी उडते.

बाजारात मिळणाऱ्या 'आवाजाने डास पळवणाऱ्या' यंत्राबद्दल मला थोडे रागानेच लिहावे लागते, कारण त्यात आमच्या ध्वनिशास्त्राचे नाव वापरलेले असते. डासाची गुणगुण म्हणजे पंखांच्या फडफडण्याचा आवाज. मादीच्या पंखांची कंपने सेकंदाला साधारण ४०० ते ५०० असतात. आमच्या प्रयोगशाळेतील नादकाट्यांच्या पेटीत शेवटचा काटा ५१२ कंपनांचा असतो. १८७४ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ आल्फ्रेड मेयर यांनी नर डासाजवळ याच कंपनसंख्येच्या आसपासचे काटे वाजवले आणि सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तर नराच्या मिशांवरचे केस थरथरताना दिसले. नर मादीला अशा आवाजावरून ओळखतो. म्हणजे डासांना ध्वनी कळतो, हे खरे. पण म्हणून २०,००० कंपनांच्या वरचा, आपल्याला ऐकू न येणारा ध्वनी त्यांना पळवून लावतो, हे कशावरून? २००७ मध्ये कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात अशा यंत्रांवरील दहा क्षेत्रीय अभ्यास एकत्र तपासले गेले. चावायला बसणाऱ्या डासांची संख्या या यंत्रांमुळे कमी झाल्याचे त्यांत आढळले नाही. मोबाईलवरच्या तसल्या ॲपचीही तीच गत समजा.

निळ्या दिव्याच्या जाळीचे तर विचारूच नका. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा जाळ्यांत मेलेले १३,७८९ कीटक मोजले. त्याचा निबंध १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत चावणारे कीटक होते फक्त ३१. बाकीचे बिचारे पतंग, भुंगे वगैरे. म्हणजे बागेचे मित्र आणि पक्ष्यांचे खाद्य. गवती चहा आणि तुळस अवश्य लावा, पण चहात घालण्यासाठी आणि पूजेसाठी. पान चुरडल्यावर त्यातील तेल उडते. झाड नुसते उभे आहे म्हणून डास माघारी फिरत नाही. याउलट साधा टेबलपंखा खरोखर कामाचा आहे. डास ताशी साधारण दीड-दोन किलोमीटर वेगाने उडतो. पंख्याच्या वाऱ्यापुढे त्याचे काही चालत नाही. शिवाय ज्या कार्बन डायऑक्साइडच्या मागावर मादी तुमच्याकडे येते, तो वाऱ्याने इतस्ततः पसरतो.

तर आता बागेत चला. कुंडीखालच्या बशीसाठी मला सर्वांत आवडलेला उपाय म्हणजे ती काठोकाठ जाड वाळूने भरणे. पाणी वाळूच्या कणांमधल्या फटींत उतरते, केशाकर्षणाने कुंडीला ओल मिळते, आणि मोकळा पृष्ठभाग उरत नाही. अळीने लोंबायचे कशाला? मात्र वाळूवर पाणी तरंगू लागेल इतके घालू नका. बाटलीतल्या मनीप्लँटला सरळ मातीत लावा, नाहीतर दर आठवड्याला पाणी बदलून बाटली आतून घासा. पक्ष्यांसाठी ठेवलेले पाणी रोज बदला, त्यांनाही ते आवडेल. बांबू छाटताना पेराच्या बरोबर वर छाटावा, म्हणजे पेला तयार होत नाही. अळू, केळ, अननस यांच्या पानांच्या बेचक्यांत पाणी साठते. तेथे एडिसचा एक भाऊबंद वाढतो, म्हणून आठवड्यातून एकदा नळीने जोराची धार मारा. झाडाच्या ढोलीत माती किंवा वाळू भरा. कौलांखालची पन्हळ पानांनी तुंबली आहे का ते शिडी लावून पाहा, पण हे काम मोठ्यांचे. गच्चीवरच्या टाकीचे झाकण घट्ट असावे आणि वाहून जाणाऱ्या पाण्याच्या नळीच्या तोंडाला जाळीचे फडके बांधलेले असावे.

जे पाणी ओतता येत नाही, म्हणजे कमळाचे कुंड किंवा मोठा हौद, त्यात गप्पी मासे सोडतात. ते अळ्या आवडीने खातात आणि अंडी न घालता थेट पिलांना जन्म देतात, त्यामुळे त्यांची संख्या झपाट्याने वाढते. पण हे मासे आपल्याकडचे नव्हेत. डास खाण्यासाठी १९२८ मध्ये इटलीहून आणलेला गॅम्बुशिया मासाही नव्हे. नदी-ओढ्यांत शिरून हे पाहुणे स्थानिक माशांच्या मुळावर येतात. म्हणून ते बंद हौदातच ठेवायचे, विहार म्हणून तळ्यात सोडायचे नाहीत. मासे नको असतील तर एक जिवाणू आहे. १९७६ मध्ये इस्राएलच्या नेगेव वाळवंटातील एका डबक्यात सापडला म्हणून त्याचे नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्राएलेन्सिस! थोडक्यात बीटीआय. त्याचे कण गिळले की अळीचे आतडे निकामी होते. मासे, बेडूक आणि माणसे यांना त्याचा उपद्रव नाही. चतुराच्या पाण्यातल्या पिलांनाही नाही, आणि ती तर स्वतःच डासांच्या अळ्या खातात.

मोरीचे पाणी बागेत सोडण्याची आपल्याकडे चाल आहे. केळीला पाणी मिळते हे खरे, पण त्याचे डबके झाले तर क्युलेक्सची सोय होते. त्यासाठी शोषखड्डा करावा, म्हणजे दगडगोटे भरलेला खड्डा, ज्यातून पाणी जमिनीत जिरते. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी असे खड्डे करून गटारेच नकोशी केली आणि डास हटवले.

शिक्षकांसाठी एक सूचना. पावसाळ्यात वर्गाकडून एक पाहणी करून घ्या. पालकांची संमती घ्यावी आणि मुलांनी पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, कारण हा डास दिवसा चावतो. समजा, ४० घरे पाहिली. पाणी असलेली १२० भांडी सापडली. त्यांपैकी ६ भांड्यांत अळ्या होत्या आणि ही ६ भांडी ५ घरांत होती. मग अळ्या असलेली घरे शेकडा १२.५, अळ्या असलेली भांडी शेकडा ५ आणि दर शंभर घरांमागे अळ्यांची भांडी १५. या शेवटच्या आकड्याला ब्रेटो निर्देशांक म्हणतात. आरोग्य खातेही असेच आकडे काढते. पंधरा दिवसांनी तीच घरे पुन्हा पाहा. कुठल्या प्रकारच्या भांड्यात सर्वाधिक अळ्या सापडतात, त्याचा स्तंभालेख काढून शाळेच्या फलकावर लावा. घरमालकांची नावे मात्र लावू नका. आमच्या कॉलनीच्या अशा तक्त्यात मनीप्लँटच्या बाटल्यांचा स्तंभ सर्वांत उंच निघाला आणि त्यांतली एक बाटली पुन्हा माझ्याच घरची होती.

आणि पाणी ओताल ते कुठे ओताल, हेही ठरवून ठेवा. मोरीत किंवा गटारात ओतले तर अळ्या तिथे जगू शकतात. उन्हाने तापलेल्या कोरड्या जमिनीवर पसरून ओता. पाणी जिरले, की दहा-पंधरा मिनिटांत त्या वाळून जातात.